बाळाची ताई करायची आहे

४ मार्च, दुपार

हो हो, मीच सुरू केलं हे, आणि त्यात लपवायचं काय? जावई जेवताना विचारत होते, आई, हे ताईचं खूळ कुणी काढलं? तेही गोड आवाजात. हा माणूस कधी ओरडत नाही, हीच त्याची वाईट खोड. समोरच्याला भांडताच येत नाही.

खूळ नाही, प्लॅन आहे. नात अडीच वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला बाळच म्हणतात. बाळ जेवलं का, बाळ झोपलं का, बाळाने भिंतीवर काय गिरवलंय बघा. आता लेकीच्या पोटात दुसरं आलंय, तर तेही बाळच. परवा लेक पोटावर हात ठेवून नातीला म्हणाली, इथे बाळ आहे. ही बया स्वतःचा फ्रॉक वर करून म्हणते, बाळ इथे! दोघी आपापल्या पोटाकडे बघत बसल्या.

तर ठरलं. नवं बाळ यायच्या आत जुन्या बाळाची ताई करायची. ताई आईच्या कडेवर बसत नाही. ताई झोपेत आईच्या पोटावर लाथा झाडत नाही. ताई आजीपाशी झोपते. डॉक्टरबाईंनी लेकीला बजावलंय, बीपी वाढलंय, पोरीला उचलायचं नाही, झोप पुरी झाली पाहिजे, नाहीतर आधीच ॲडमिट व्हावं लागेल. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. मी सांगून टाकलं, एका आठवड्यात काम फत्ते.

विहीणबाईंचा फोन आला. येऊ का मदतीला? त्या रिटायर हेडबाई, बोलतात त्यातही समास सोडतात. मी लेकीला खूण केली, नको म्हण. लेक म्हणाली, बघू, गरज पडली तर कळवते. गरज पडायला मी काय इथे शोभेला बसलेय?

५ मार्च

सकाळी पडदा सरकवून मोठ्याने म्हटलं, ताई, उठा! तर ओ आली स्वयंपाकघरातून. भांडी-फरशीला येते ना, तिलाही सगळे ताईच म्हणतात. हातात घासणी घेऊन दारात हजर, काय हो आजी? म्हटलं, तू नाही गं, ही ताई. नातीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं.

लाजली. सुरुवात झकास.

६ मार्च

केळं खाल्लं नाही. केळं थुंकलं. माझ्यावर. पॉटीवर बसवलं तर नुसतं गाणं म्हटलं, आणि उठल्यावर कार्यक्रम सोफ्यावर. माझी कंबर गेली. वॉशिंग मशीनला बटणं किती! एक दाबलं तर ते शिट्टी मारून बंदच पडलं. जावई म्हणाले, आई, राहू द्या, मी बघतो. राहू द्या म्हणजे काय? बिघडलेलं तर तेच होतं.

माझंही घर आहे म्हटलं, तिकडे सगळं पडलंय. डिलिव्हरी झाली की एक दिवस राहणार नाही.

७ मार्च

आज तोंडी परीक्षा घेतली. विचारलं, ताई काय करते गं?

म्हणाली, भांडी.

ऐका! अडीच वर्षांची पोर, आणि घरकामाची गोडी. माझ्यावर गेलीय. तिच्या आईला लग्न होईस्तोवर कप विसळायचा माहीत नव्हता.

आणखी काय करते ताई?

फशी. म्हणजे फरशी.

मग?

मग घरी जाते.

मी हसून हसून लोळले. आत्तापासून सासरी जायच्या गोष्टी! मग काय, मला चेव आला. म्हटलं, हो तर! ताई झालीस की सगळे फ्रॉक पिशवीत भरायचे, बूट घालायचे, येते हं म्हणायचं, आणि चाललीस आपल्या घरी!

माझ्याकडे टक लावून बघत राहिली. हसली नाही, पण आतल्या आत हसत असणार. चेष्टा कळायला लागली की मूल शहाणं झालं असं मी मानते. गावच्या शाळेत मास्तर माझ्या चेष्टेला वैतागून मला वर्गाबाहेर बसवायचे. वर्ग हसायचा, बाहेरून ऐकू यायचं.

९ मार्च

नातीचे बूट सापडत नाहीत. अख्खं घर पालथं घातलं. एक सापडला वॉशिंग मशीनमध्ये, धुऊन निघाल्यावर. मी टाकलेला नाही. दुसरा तांदळाच्या डब्यात. तोही मी टाकलेला नाही.

बागेत चल म्हटलं तर दारातच आडवी. अनवाणी ने म्हटलं तरी नाही. एरवी बाग म्हटली की जीव टाकते. लेक म्हणाली, आई, हिला काहीतरी झालंय. म्हटलं, काही नाही झालेलं, नखरे. मोठी होतेय.

प्लॅन व्यवस्थित चालू आहे.

११ मार्च

काल तिला माझ्यापाशी झोपवलं! गोष्ट सांगितली, थोपटलं, झोपली. जावयांना अंगठा दाखवला, असा वर. सकाळी उठून बघते तर माझ्या शेजारी उशी, आणि पोरगी आईच्या कुशीत, पाय बरोबर पोटावर. लेकीचे डोळे सुजलेले. रात्रभर पोरगी म्हणे, बाळ नको जाऊ, बाळ नको जाऊ, असं झोपेत बरळत होती.

मी म्हटलं, बघ, पोटातल्या बाळावर केवढी माया! नको जाऊ म्हणतेय त्याला.

लेकीने पोरीचे पाय पोटावरून हळूच बाजूला केले.

जावई म्हणाले, आई, ती उठून गेली ते तुम्हाला कळलं नाही? मला सगळं कळतं. मी डोळे मिटून जागी असते. म्हणाले, घोरण्याचा आवाज येत होता. तो पंखा.

१३ मार्च

वाईट दिवस.

लेकीने हॉस्पिटलची बॅग भरायला काढली. माळ्यावरून नातीचे तान्हेपणीचे कपडे काढून धुऊन ठेवले होते, झबली, टोपरी, मुठीएवढे मोजे. ते बॅगेत घालत होती. नात आली, बघितलं, आणि म्हणाली, हे बाळाचं. लेक म्हणाली, हो राणी, बाळाचं. मग जे सुरू झालं! बॅग उलटी केली. टोपरं स्वतःच्या डोक्यात कोंबायला लागली, जाईना, तर आणखी रडली. रडून रडून उलटी झाली.

जरा हलकं व्हावं म्हणून मी म्हटलं, आता गप्प बसतेस की तुलाच भरू पिशवीत?

अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली डोकावले.

लेकीने उचलून घेतलं. एवढं पोट घेऊन, त्या धोंडीला कडेवर घेऊन इकडून तिकडे. मी म्हटलं, अगं ठेव, डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय? तर मला म्हणाली, आई, तू जरा गप्प बसशील?

हार्मोन्स. मी मनाला लावून घेत नाही. दुपारचं जेवले नाही, ते भूक नव्हती म्हणून.

१४ मार्च

बीपी आणखी वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजचा दिवस बघू, उतरलं नाही तर उद्या ॲडमिट. बाळालाही धोका आहे, हे त्या हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. इतर वेळी ऐकू येत नाही असं मी दाखवते ते वेगळं.

जावई गॅलरीत उभे राहून फोनवर बोलत होते. आई, तू येच. मला वाटलं मला बोलावतायत, म्हणून गेले. ते त्यांच्या आईशी बोलत होते.

निश्चय: उद्यापासून कडक. गोड बोलून झालं. उद्या ती ताई होणार म्हणजे होणार.

१५ मार्च, सकाळ

कुठून लिहू.

भांड्यांची ताई काम आटपून निघाली. चपला घातल्या, खांद्याला पिशवी लावली, नेहमीसारखं म्हणाली, येते हं. तेवढ्यात मी माझ्या कडक आवाजात नातीला म्हटलं, चला ताई, आजपासून तुम्ही पण!

मला म्हणायचं होतं, आजपासून तुम्ही पण नीट वागा. वाक्य पुरं करायला वेळच मिळाला नाही. पोरीने पळत जाऊन आईच्या पायाला मिठी मारली, आणि ओरडायला लागली, ताई नाही! बाळ! बाळ! बाळ नाही जाणार घरी!

लेक खाली फरशीवर बसली. बसायचं नव्हतं तिला. तिने पोरीचं तोंड हातात धरून हळूहळू विचारलं, कुठल्या घरी गं? आणि मग त्या एवढ्याशा जिवाने सगळं सांगितलं. ताई भांडी घासते. ताई फरशी पुसते. ताई घरी जाते. बाळ ताई होणार. मग फ्रॉक पिशवीत. मग बूट. मग नवं बाळ इथे, आणि बाळ घरी.

म्हणून बूट तांदळात.

लेकीने विचारलं, पिशवीचं तुला कोणी सांगितलं?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावई, लेक, दारातली ताई. तिच्या तर डोळ्यांत पाणी. पिशवी हातातून खाली ठेवली तिने, जणू पिशवीचाच दोष. मी म्हटलं, दूध उतू गेलं वाटतं, आणि आत गेले. दूध फ्रिजमध्ये होतं.

चेष्टाच केली होती ना. चेष्टा कळत नाही का कुणाला? सातवी शिकलेय मी, माणसं हसवण्यात पास झालेय. आमचे हे असते तर हसले असते. त्यांना मी आयुष्यभर छळलं, ते हसायचेच.

हसायचे की गप्प बसायचे, आता नक्की आठवत नाही.

१५ मार्च, संध्याकाळ

लेक ॲडमिट. विहीणबाई आल्या. ब्रीफकेस घेऊन. त्यात रंगीत तक्ता, सूर्य म्हणजे उठणे, चंद्र म्हणजे झोपणे. नातीने चंद्र खाल्ला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी नातीला म्हटलं, तू ताई नाहीस गं, तू बाळच. तिला पटलं नाही. मी खोलीत गेले की पलंगाचा पाय घट्ट धरते. बापाचा हात उशाला घेऊन झोपली. विहीणबाईंपाशीही नाही. त्या म्हणाल्या, वेळ द्यावा लागतो. बोलल्या प्रेमानेच. तेच सहन होत नाही.

१७ मार्च

भांड्यांच्या ताईची सुट्टी. सिंक भरलेलं. मी म्हटलं, मी घासते. कुणी सांगितलं नव्हतं. नको असंही कुणी म्हणालं नाही. फरशीही पुसली. माणूस हाताने कामात असला की बोलत नाही, आणि मी बोलले नाही की या घराची तब्येत सुधारते, असं दिसतंय. हे मीच माझ्याबद्दल म्हणतेय, म्हणजे मला चेष्टा सोसते.

१९ मार्च

मुलगा! वजन थोडं कमी, पण आवाज खणखणीत. लेक ठीक. बीपी उतरतंय. जावई पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले, आनंदाने का होईना. मी आणि विहीणबाई एकमेकींच्या गळ्यात पडलो. त्यांच्या अंगाला खडूचा वास येतो असं मला नेहमी वाटायचं. येत नाही.

नात अजून माझ्याजवळ येत नाही. कळेल तिला. पोरं विसरतात. दोन दिवसांत विसरेल.

२३ मार्च

सगळे घरी आले. लेक सोफ्यावर, मांडीवर नवं, शेजारी चिकटून जुनं. लेकीने छान तोडगा काढला. नातीला म्हणाली, बाळ तूच. हा आपला चिंटू. ताईबिई कुणी नाही. मला हे का सुचलं नाही? सुचलं होतं, बोलायला उशीर झाला.

मी स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आले. नातीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सोफ्यावरून उतरली. माझ्या खोलीत गेली, आणि माझी कापडी पिशवी फरफटत घेऊन आली. माझ्यापुढे ठेवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

म्हणाली, आजी भांडी. आजी फशी. आजी ताई!

मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली, येते हं म्हण.

घर हसलं. लेक टाके धरून हसली, विहीणबाईंनी चष्मा काढला, जावयांना ठसका लागला. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. पिशवी खांद्याला लावली, येते हं म्हटलं, दारापर्यंत ठुमकत गेले. नातीने टाटा केलं. अगदी मनापासून. मग आपल्या आईच्या कुशीत जाऊन निवांत बसली. इतक्या दिवसांत प्रथमच निवांत.

हसणं ओसरल्यावर जावई म्हणाले, खरंच आई, आता तुम्हीही सुटलात. तुमचं घर तिकडे पडलंय, तुम्ही रोज म्हणता. तिकीट कधीचं काढू?

म्हटलं, काढा की. रविवारचं मिळालं तर बघा. इथे काय, कंटाळलेच होते.

त्यांनी लगेच फोनवर बघून काढलंही. खिडकीची सीट.

मला घरी जायचं नाही.