गिटारीचे चार पाय

बाबूजी, तुमची गिटार परवा नागपूरहून बंगळूरला विमानानं गेली. माझ्यासोबत, दोन खोक्यांत, काही कुरकुर न करता. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून "असं कसं होईन?" म्हणाला असता. झालं. कसं झालं तेही सांगते, जरी त्यातलं निम्मं तुम्हाला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात तुम्ही ती बनवलीत. मांडीवर घेऊन, लोखंडी कांडी तारांवर सरकवत वाजवायची गिटार तुम्हीच मला शिकवली होती. पण नागपूरच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रात तुम्ही तिची थोरली बहीण पाहून आलात. टेबलासारखी चार पायांवर उभी, खाली पेडल. पेडल दाबलं की आतल्या सळया तार ओढतात आणि सूर हुंदका गिळल्यासारखा वर चढतो. वरठीला कारखान्यात फिटर असलेल्या माणसाला वस्तू तयार विकत आणणं कमीपणाचं वाटे. सानगडीहून सागवानाची फळी आली, सायकलच्या ब्रेकच्या तारा आल्या, आणि पेडलची मोठी सळई तुम्ही आईच्या शिलाई मशीनची काढलीत. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, मशीनवर चादर होती. दोन महिने रोज ड्यूटीवरून आल्यावर अंगणात ठोकाठोकी. तुम्ही मला जवळ येऊ देत नव्हता, आणि शेजारची काकी विचारायची, "काय जी, पोरीच्या लग्नाचा पलंग बनवून राहिले का?" एके दिवशी फडकं काढून म्हणालात, "हे तुहं. वाजव, नाहीतर कपडे वाळू घाल याच्यावर."

संस्कृतही तुमचाच हट्ट होता. "जे आपल्या आज्याच्या कानावर पडू देत नव्हते, ते तू पाठ करून टाक." मी केलं. त्यावर पुढे तीस वर्षं पगार घेतला, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पायांबद्दल आहे.

पुढच्या वर्षी जयंतीला चार पोरांनी गिटार उचलून विहारासमोरच्या मंडपात नेली. अंगणाबाहेर ती पहिल्यांदाच निघाली होती. मी वाजवलं. नागपूरचे एक ऑर्केस्ट्रावाले पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी ते ऐकलं. त्यांची मंडळी तिकडच्या आपल्या लोकांसाठी कार्यक्रम करायला लंडनला जाणार होती, तीन महिने, विमानानं. आठ दिवसांनी येतो, वाद्याचं माप घेतो, म्हणाले. ते आठ दिवस मी घरात चालत नव्हते, तरंगत होते. तुम्ही मात्र पायात काटा रुतल्यासारखे.

ते येतात. सफारी सूट, खिशात मापाची टेप. गिटार पुढच्या खोलीत उभी आहे, पाय काळेभोर, चकचकीत. ते वाकून बघतात आणि विचारतात, "भाऊ, हे पाय निघत नाहीत का?"

"नाही जी. एकसंध आहे."

"पोरीचा हात तर चांगला आहे. पण हा पलंग विमानात कसा न्यावा?"

"तेच तर म्हणून राहिलो. इतकं लोखंड घेतच नाहीत ते. मी चौकशी केली."

कुठे केलीत हो चौकशी? उभ्या आयुष्यात तुम्ही विमान पाहिलं ते मान वर करून. पण तुमच्या तोंडून निघालं की ते मला प्रमाण असे. पाहुण्यांनी चहा घेतला, टेप गुंडाळली, आणि माझ्या जागी एक कीबोर्डवाला लंडनला जाऊन आला. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ओरडलात, "वाद्यासाठी काहून रडून राहिली? माणूस मेलं का?" आणि मग वांग्याची भाजी स्वतः केलीत, तिखटजाळ, जणू डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळावं.

पुढचं तुम्ही पाहिलंच. लाखांदूरला शाळा, एसटीचा पास, रूपं आणि श्लोक. गिटार गावोगावच्या नाटकांना आणि जयंत्यांना टेम्पोत उताणी पडून जायची, चारही पाय आभाळाकडे. पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी उरते, असं मी दरवर्षी मुलींना सांगायची आणि मनात म्हणायची, आमच्या वेळच्या विमानात एका गिटारीपुरतीही नव्हती.

यंदा बंगळूरला अशी वाद्यं वाजवणाऱ्यांचा मेळावा होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावर बोलावणं आलं. विमान कंपनीच्या माणसानं फोनवर शांतपणे सांगितलं, पाय वेगळे करा, दोन खोकी करा, जास्तीच्या वजनाचे पैसे भरा. मी म्हटलं, पाय वेगळे होत नाहीत. तो म्हणाला, मग करून घ्या. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी वरठीच्या फाट्यावर वेल्डिंगच्या दुकानात गेले. त्या माणसानं पहिल्या पायाला ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, मग थांबून त्यानं वितळलेलं लोखंड नखानं खरवडलं.

"मॅडम, याच्या अंदर तर आटे आहेत जी. लेथवर पाडलेले. कोन्या येड्यानं वरून वेल्डिंग मारलं?"

"माझ्या बापानं."

तो जरा ओशाळला. "मंग आटे बी त्यायनंच पाडले असन. लय सफाईचं काम आहे."

चारही पाय स्क्रूसारखे फिरून निघाले. आटे नवे कोरे, ग्रीस लावलेले. म्हणजे तुम्ही ती उघडण्यासाठीच बनवली होती, बाबूजी. पोरीला घेऊन कुठेही जाता यावं म्हणून. आणि ज्या आठवड्यात खरंच जायची वेळ आली, त्या आठवड्यात तुम्ही तुमच्याच हातानं ती बंद केलीत. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. त्यानं पाणी दिलं, वर म्हणाला, "गरमी लय आहे."

विमानतळावर एका शिपायानं खोकं उघडून विचारलं, "ये क्या है? इस्त्री का टेबल?" मी म्हटलं, पिताजीने बनाया है. त्यानं मान डोलावून पट्ट्यावर ढकललं. बस, इतकंच. बंगळूरला उतरून पाय पिळले, तारा छेडल्या. दहापैकी नऊ सुरात होत्या. वरच्या हवेत तारा तुटतात, असंही तुम्ही एकदा सांगितलं होतं.

मी चांगलं वाजवलं. लोकांनी वाकून तुमच्या सळया पाहिल्या, कौतुक केलं, आणि मला त्यातलं एकही वाक्य गोड लागलं नाही. मला लंडनचं फारसं दुःख नाही. तिथे म्हणे ऊनही नसतं. पण "नको जाऊ, मले घर खायला उठते" एवढं म्हणाला असता तर मी राहिले असते, आणि मीच राहिले असं आयुष्यभर म्हणू शकले असते. तेवढं वाक्य तुम्हाला जमलं नाही. वेल्डिंग जमलं. आणि वीस वर्षांपूर्वी, दवाखान्यात, बोलता येत होतं तेव्हाही तुम्ही फक्त विचारलंत, "गिटारीवर फडकं टाकलं ना?"

हे सगळं लिहून मी वाचलं. निकालपत्रासारखं झालं आहे. घडी करून पेडलच्या खोक्यात ठेवीन. पण त्यात एक गोष्ट आलेली नाही.

पाहुणे यायचे त्या सकाळी मी गिटार पुसत होते. मागच्या पायाला अंगठा लागला आणि काळा झाला. रंग ओला होता. खाली फरशीवर लोखंड जळल्याचे बारीक मणी पडले होते, आणि मी फिटरची मुलगी, ते वेल्डिंगचे असतात हे मला कळत होतं. तुम्ही बाहेर दाढी करत होता. लंडनची मला आठ दिवस भीती वाटत होती, आणि त्या क्षणी ती उतरली. मी ते मणी झाडूनं गोळा केले, मातीच्या तेलानं अंगठा घासला, आणि पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.