मोठ्या मुलाची वाक्यं

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? इस्त्री करताना स्टूल घेत जा. माझं नवं नाटक लिहून झालंय. वडील आजारी आहेत, घरात आत्या, सून, काका आणि मोठा मुलगा अशी चार माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं की त्यांचं दुसऱ्याने बघावं. पण आमच्या दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, डावीकडची नावं हाताने झाकली की कोण बोलतंय तेच कळत नाही, सगळे लेखकच बोलल्यासारखे. महिन्याभरात सुधारलं नाही तर त्या दुसऱ्या कुणाचं नाटक घेणार. तसं नाही की मला जमत नाही, म्हणजे बघ ना, तुझ्या दुकानात दिवसभर माणसं बोलत असतात, तुझा कान तयार आहे. मागच्या नाटकातली इस्त्रीवाली लोकांनी डोक्यावर घेतली ती तुझ्यामुळेच. कोण कसं बोलेल एवढं सांगशील ना? तुला काही लागलं तर सांग, मी आहेच ना.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझा,
छोटू

११ फेब्रुवारी

चि. छोटूस,

आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच. कपड्यांचा ढीग पडलाय.

इस्त्रीवाली लोकांना आवडली हे मला दुकानात रोज कळतं. बाबा गेले आणि त्यांना घरातून बाहेर न्यायला उचललं तेव्हा मी म्हणाले होते, थांबा, सदऱ्याला इस्त्री राहिलीय. जन्मभर परक्यांचे कपडे कडक करून दिले आणि माझा बाप चुरगळलेला चाललाय, एवढंच मला दिसत होतं. रडायचंही सुचलं नाही. ते वाक्य तू उचललंस आणि एका वेडगळ बाईच्या तोंडी घातलंस. सगळं थिएटर हसलं. मी तिसऱ्या रांगेत होते, तूच दिलेल्या पासावर. आता गिऱ्हाईक कपडे टाकताना म्हणतं, थांबा, इस्त्री राहिलीय, आणि दात काढतं. ते वाक्य काढ म्हणून मी तुझ्या दारात येऊन सांगितलं. तू म्हणालास, बघू.

मदत मात्र करते, मनापासून करते. ऐक.

तुझ्या नाटकातली आत्या कशाचंच उत्तर देणार नाही, उलटा प्रश्न टाकेल. औषध दिलं का विचारलं तर म्हणेल, मग मी काय सकाळपासून झोपा काढत होते का. सून वाक्य पुरं करत नाही. अर्धं बोलते आणि भांडी आपटते, उरलेलं भांडी बोलतात. काका स्वतःचं म्हणून काही बोलत नाही. डॉक्टर म्हणत होते, शेजारी म्हणत होता, असं दुसऱ्याच्या आडून बोलतो.

राहिला मोठा मुलगा. तो गोड बोलतो. आधी म्हणतो तसं नाही, मग म्हणतो म्हणजे बघ ना, आणि शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणतो मी आहेच ना. बापाचं अंग पुसायची वेळ झाली की हमखास म्हणतो, आणि म्हणता म्हणता पाय चप्पल शोधत असतो. त्याची चप्पल पहिल्या अंकापासून दाराकडे तोंड करून ठेव.

माया आहे, पण सध्या कामात आहे.

ताई

२ मार्च

ती. ताईस,

सा. न. आणि साष्टांगापेक्षा मोठं काही असेल तर तेही.

नाटक वाचलं. बाईंनी पुन्हा नावं झाकली आणि प्रत्येक माणूस बरोबर ओळखला. मोठा मुलगा तर कमाल. तालमीत त्याने तोंड उघडलं की नटसुद्धा हसतात. असला माणूस तुला भेटला कुठे? तुझ्या त्या वाक्याचं मी विसरलोय तसं नाही, म्हणजे बघ ना, त्या नाटकाचे प्रयोग अजून चालू आहेत आणि ती नटी हातचा हशा सोडायला तयार नाही. पहिल्या प्रयोगाचे पास पाठवतोय. गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरू नकोस, मी आहेच ना.

अशीच पाठीशी राहा.

छोटू

७ मार्च

चि. छोटूस,

आशीर्वाद. पास मिळाले. तो माणूस घरच्यासारखाच आहे, भेटशील कधीतरी. तू मागे विंगेत लपू नकोस, बायको, लेक आणि सासरे यांच्या मधोमध बस. मी तुमच्या मागच्या रांगेत असेन.

ताई

२० मार्च

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे.

मोठा मुलगा पहिल्यांदा ते बोलला तेव्हा सगळ्यांच्या आधी माझी बायको हसली. हसली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा सासऱ्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. तिसऱ्यांदा आमची अख्खी रांग रंगमंचाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. घरी येताना लेक म्हणाली, बाबा, एकदा म्हणून दाखवा ना. मी महिनाभर ती वाक्यं लिहीत होतो, मोठ्याने वाचत होतो, आणि मला कळलं नाही. तुला माझी जरासुद्धा दया आली नाही?

तुझं वाक्य काढलं. नटीला समोर उभं राहून सांगितलं. आता इस्त्रीवाली त्या जागी नुसती सदऱ्याकडे बघत उभी राहते. कोणी हसत नाही.

आता मोठ्या मुलाची वाक्यं बदलून दे. राग आलाय तसं नाही, म्हणजे बघ ना, घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही. ऑपरेशनची तारीख कळव. मी आहेच ना.

छोटू

२४ मार्च

चि. छोटूस,

आशीर्वाद. तुझंच पत्र सोबत परत पाठवलंय. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीय. मी दुकानात एकटीच इतकी हसले की एका परीटघडीचं वाटोळं झालं.

दया आली नाही. तुझ्या मागे बसून मी तुझे कान लाल होताना बघितले, आणि मला फार बरं वाटलं. मोठ्या मुलाचं एक अक्षर बदलून मिळणार नाही. मी नुसतं सांगितलं, लिहिलंस तू. लोक माझ्यावर हसले तेवढे तुझ्यावर हसून झाले की बघू. हे बघू पण तुझंच.

ऑपरेशन सोळा एप्रिलला. बाबांचं अंग पुसायला बोलावलं तेव्हा तू उंबऱ्यापर्यंत आलास आणि चप्पल पायात घालून गेलास. मी हातात ओलं फडकं घेऊन बघत होते. या वेळी चप्पल बाहेर काढ आणि आत ये. सदरा इस्त्रीचा घाल. चुरगळलेला आलास तर पलंगावरूनच थांबा म्हणेन. ते वाक्य आता पुन्हा माझं आहे.

लोभ किती ठेवायचा ते सोळा तारखेला ठरवीन.

ताई