पाळण्याची चाल

३ नोव्हेंबर १९४४, नगर
कंपनीचे मालक विष्णुपंत, त्यांना पाळणा पसंत! तीन चाली नापास केल्या, ही एकदाच ऐकली आणि म्हणाले, "लीनाबाई, बारशाच्या प्रवेशाला बायका डोळे पुसणार." जाहिरातीवर 'संगीत : मिस लीना' छापायचं कबूल केलंय. नाटक कंपनीच्या जाहिरातीवर बाईचं नाव, तेही संगीताला! हे नाटक पडलं तर पुन्हा कुणी मला विचारणार नाही.

चाल माझी नाही, हे सांगितलं नाही. लहानपणी बाबा मांडीवर घेऊन गुणगुणायचे, ती. मी फक्त खाली व्हायोलिनचे सूर घातले.

५ नोव्हेंबर
पेटीवाले गोरक्षनाथ रुसले. माझे कागद पाच रेषांचे, त्यांना सारेगम लागतं. "हे तारेवरचे कावळे कोण वाचणार?" कावळे आईच्या वहीतले. ती गोव्याची, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायची. बाबा नेवाशाकडचे, गावचे सनईवाले. बाप्तिस्मा घेतला आणि सनई ट्रंकेत गेली ती गेलीच. "लोकांच्या दारात बसून वाजवायचं सपलं," एवढंच सांगतात.

सगळं सारेगममध्ये उतरवून दिलं. हात दुखला.

८ नोव्हेंबर
तालीम. पाळणा सुरू झाला आणि थिएटर झाडणाऱ्या झुंबरबाई केरसुणी टाकून उभ्या.

"आगं बाई, ही तर मयताची चाल! आमच्याकडं तिरडीम्होरं वाजवत्यात. लेकराच्या पाळन्याला?"

विष्णुपंत पांढरेफटक. "पाळणा काढा. जाहिरातीचं मग बघू."

लाज वाटली. त्याहून राग आला — बाबांचा.

९ नोव्हेंबर
घरी विचारलं, मयताची चाल लेकराला म्हणतात का? बाबा खलबत्त्यात सुपारी कुटत राहिले. मग —

"तुजी आई गेली तवा पाद्री म्हनला, मिशनच्या मयताला सनई न्हाई. म्या ऐकलं. घरी आलो तर तू रडत हुतीस. मांडीवर घेतलं अन् तोंडानंच वाजवली. तू निजलीस. मग रोजच."

तीन वर्षांची होते मी. मला वाटायचं, माझ्यासाठीच आहे.

जेवले नाही.

१० नोव्हेंबर
नवा पाळणा दिला. साधा आहे, चालेल. जुनी चाल शेवटच्या अंकात मागितली — राणी मरते तिथं. पद नको, पेटी नको, विंगेतून एकटी सनई. "वाजवणार कोण?" बाबांचं नाव सांगितलं. विष्णुपंत बराच वेळ मिशी ओढत बसले. "जमलं तर नाव छापतो. फसलं तर बापलेक दोघंही घरी!"

बाबा म्हणाले, "दात न्हाईत. अन् पुन्यांदा लोकांच्या दारात?"

लोकांसाठी नाही, म्हटलं. आईसाठी.

बाबा उठून अंगणात गेले.

१३ नोव्हेंबर
बाबांचं अजून 'होय' नाही, 'नाही'ही नाही. गोरक्षनाथ विचारतात, ती जागा पेटीनं भरू का? थांबा म्हटलं. किती थांबायचं, देव जाणे!

१५ नोव्हेंबर
ट्रंक उघडी. बाबा घरात नाहीत.

संध्याकाळी आले. सनईला फुंकायची नवी पत्ती बसवून आणलीय.

१८ नोव्हेंबर
पहिला प्रयोग. विंगेत बाबांचा सूर दोनदा फुटला, तिसऱ्यांदा लागला.

आईची मयत आज निघाली. तीस वर्षांनी.