हौदातली बाई आणि बारा ते तीनचा शो

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, दुपारी १ वाजून ४७ मिनिटं

घटनेची वेळ आधी लिहिते. रेल्वेच्या एन्क्वायरी खिडकीवर एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी घेतल्या. वेळ नसलेली तक्रार मी कधी पुढे पाठवली नाही.

दौंडचं थिएटर. पोस्टरवर हिरवा चुडा घातलेली नवरी, कळशी घेऊन हौदाच्या काठावर बसलेली. कोणीही कौटुंबिक चित्रपटच समजेल. मी आणि शेजारच्या अनसाबाई रडायच्या तयारीने रुमाल घेऊन गेलो. वरील वेळी हौदातून हात बाहेर आला. मग केस. नवरी काठावर बसलेलीच, आणि पाण्यातून येणारीही तीच. चित्रपटाचं नाव लिहून त्याची फुकट जाहिरात करणार नाही.

एक बाई किंचाळली. आवाज आमच्या रांगेतून आला. मी नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आवाज न चढवता रागवायला शिकवलं होतं. माझा घसा बसलाय तो एसीमुळे.

इंटर्व्हलला उठून आले. मत: छायाचित्रण काळोखं, साडी सुमार, पार्श्वसंगीत म्हणजे पत्र्यावर नखं ओढल्यासारखं. अनसाबाई शेवटपर्यंत बसल्या, माझ्या वाटणीचा समोसाही खाल्ला. संध्याकाळी फाटकातून म्हणाल्या, म्याडम, त्यातला हौद आन् तुमचा हौद सेम टू सेम हाय, झाकण बी तसलंच.

मी असल्या गोष्टींना घाबरत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७.१०

दिवसाआड येतं ते नळाचं पाणी आलं. ते अंगणातल्या हौदात पडतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत चढवायचं. झाकण उचलून पाणी बघितल्याशिवाय मोटर लावायची नाही, हा माझ्या मिस्टरांचा नियम. ते गेल्यावर सात वर्षं मी पाळलाय.

आज झाकण उचललं नाही. कंबर.

११.३०. आसमीनचा पुण्याहून फोन. जानेवारीत मी बाथरूममध्ये घसरले, तेव्हा लेकीने आणि मी ठरवलं होतं: एकटीने घर चालवता येतंय तोवर दौंड. नाही जमलं तर त्यांच्याकडे, सहाव्या मजल्यावर, कायमचं. तेवीस तारखेला ती आणि जावई इम्तियाज माझं कसं चाललंय ते बघायला येणार. म्हणाली, अम्मी, आवाज का बसलाय? एसी, म्हटलं. आपल्याकडे कुठला एसी, म्हणाली. मग रेंज गेली. मी घालवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी आलं. झाकण: उद्या.

टाकीत अजून चार दिवसांचं आहे. अंघोळ थोडक्यात.

संकल्प: वाईट चित्रपटावर उतारा म्हणून चांगला चित्रपट बघायचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एसटीने न्हावऱ्यावरून शिरूर. दौंडच्या थिएटरला धडा मिळावा म्हणून. लहान मुलांचा चित्रपट, हत्तीचं पिल्लू आणि त्याची हरवलेली आई. विसाव्या मिनिटाला पिल्लू तळ्यात उतरलं. पाणी हललं. मी बाहेर येऊन पार्किंगचे नियम वाचले. सगळे, दोनदा. परत आत गेले तर आई सापडलेली होती.

मत: पटकथा ढिली, मधला बराच भाग कळत नाही.

आज घरी पाणी आलं असणार. मी नव्हते, त्यामुळे झाकणाचा प्रश्नच आला नाही. दिवस सत्कारणी लागला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टाकी संपली. अनसाबाईंना सांगितलं, मोटर जळली. त्यांच्याकडून दोन हंडे. वायरमन बोलावू का, म्हणाल्या. म्हटलं, माझा माणूस पाबळचा आहे, तिथे टेक्निकल शिकलाय, त्याच्याशिवाय मी कोणाला हात लावू देत नाही. असा माणूस नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दौंडलाच, विनोदी. सासऱ्याला चुकवायला नायक पाण्याच्या ड्रममध्ये लपतो, आणि ड्रमचं झाकण आतून हळूहळू वर येतं. सगळं थिएटर हसत होतं. मी चप्पल शोधत होते.

मत: ह्या इंडस्ट्रीला पाण्याबाहेरचं काही सुचत नाही.

मॅनेजर हौशीराम ह्यांना गाठून हौदाच्या पोस्टरबद्दल विचारलं. ते म्हणाले, म्याडम, पब्लिक त्या पिक्चरला शिट्ट्या मारतंय. तुम्ही निम्म्यात उठला म्हणून भ्या बसलं. शेवटाला समदं फिटतं. मी म्हटलं, भीतीचा विषय नाही, फसवणुकीचा आहे. मग लेखी द्या, म्हणाले. देणारच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अनसाबाईंकडे अंघोळ. पाठीला साबण लावता लावता सहज विचारलं, संकलनाच्या दृष्टीने शेवट कसा होता? लई भारी, म्हणाल्या. म्हणजे नेमकं काय होतं? न्हाई बाई, सांगितलं की मजा जाती, तुमचं तुम्ही बघा.

मोबाइलवर शोधलं. पहिल्याच फोटोत तीच, केसांसकट. मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला.

संकल्प: शुक्रवारी बारा ते तीन. पूर्ण. डोळे उघडे ठेवून. आणि घरी येऊन लगेच झाकण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११.४०

चित्रपट उतरवलाय. काल शेवटचा शो झाला. हौशीरामना म्हटलं, तुम्हीच सांगा शेवट. ते म्हणाले, मी कवा बघतो पिक्चर, मी गल्ल्यावर असतो. शेवटाला फिटतं असं पब्लिक म्हणतंय.

नवीन चित्रपट नावाड्यांवर आहे. तिकीट काढलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४

आसमीन एक दिवस आधीच आली, एकटी. मी अनसाबाईंच्या मोरीत होते. बाहेर अनसाबाई तिला सांगत होत्या, मोटर जळून आठ दिस झाले की, पाबळचा माणूस काय उगवंना.

ओल्या केसांनी पोचले तेव्हा आसमीनने एका हाताने झाकण बाजूला केलं होतं. हौद काठोकाठ. तिने बटण दाबलं. मोटर चालू झाली.

अम्मी, इकडे ये, म्हणाली. बघ, नुसतं पाणी आहे. मी फाटकाबाहेर होते. म्हटलं, मला इथून दिसतंय. तरी ये, म्हणाली. बराच वेळ हात पुढे करून उभी राहिली. मी फाटकाची कडी घट्ट धरून होते, कारण ती सैल झाली आहे.

मग ती रागावली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरं. तिने इम्तियाजला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाली, उद्या मोठी गाडी आण.

सायंकाळी ५.१५. तक्रारीचा मसुदा, अनसाबाईंच्या ओट्यावरून.

प्रति, मॅनेजर. आपल्या पोस्टरमुळे एका निवृत्त, सुशिक्षित आणि अजिबात न घाबरणाऱ्या स्त्रीच्या राहत्या घराचा प्रश्न निर्माण झाला आहे. तिकिटाचे पैसे नकोत. मागणी एकच. ती हौदातली बाई शेवटी निघून गेली, की अजून तिथेच आहे, एवढं सही-शिक्क्यानिशी लेखी कळवावं. पब्लिक काय म्हणतं ते चालणार नाही. मुदत उद्या, रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी अकरापर्यंत. अकरानंतर ह्या पत्त्यावर उत्तर घ्यायला कोणी नसेल.

नजमुन्निसा शेख