दुसरी ओडेसा

टिलमन्स फोर्ड, मिसिसिपी
१२ मे १९६९

चि. ओडेसास,
अ. उ. आ.

तू मोठी गायिका झालीस हे आम्हाला मान्य आहे. पण शनिवारी शेजारच्या हार्लोत येऊन गायलीस आणि आईला तोंडही न दाखवता निघून गेलीस, हे मला मान्य नाही. हॉलवर तुझ्या नावाची पत्रकं लागल्यापासून आई स्वस्थ नव्हती. रविवारी तिनं वाल शिजवले, मक्याचा पाव भाजला आणि चर्चची टोपी घालून दुपारभर ओसरीवर बसली. संध्याकाळी म्हणाली, पोर थकली असेल. मी म्हटलं, थकली नाही, माजली.

केस करायच्या दुकानात मिस युला सांगत होती की तू सोनेरी विग घातला होतास आणि चाळिशीला टेकूनही पंचविशीची दिसत होतीस. तो साज आम्ही बघितला असता तर उतरला असता का?

राग मावळला की लोभ धरीन. तोवर नुसतीच,
तुझी ताई व्हर्लीन


शिकागो
१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या शनिवारी मी इथे शिकागोत एका गुत्त्यात गात होते, तेही ‘डेसी रे’ या नावानं. हार्लोत गायली ती मी नव्हे.

तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नव्हते. मेम्फिसच्या क्रॅब्ट्रीची रेकॉर्ड कंपनी मी गेल्या वर्षी सोडली. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली होती. गायिकेचं नाव कंपनीच्या मालकीचं, असं त्यात बारीक अक्षरांत होतं. तबकड्यांवर त्यानं माझा फोटो कधी छापला नाही. गोऱ्यांच्या दुकानांतही माल खपला पाहिजे, म्हणायचा. चेहरा कुणाला ठाऊक नाही, मग कुठलीही पोरगी उभी करा आणि म्हणा ओडेसा पिकन्स! वकील म्हणतो, कागद पक्का आहे, गप्प बस.

ताई, पिकन्स हे आडनाव आपल्याला कुठून आलं? पणजोबांच्या मालकाकडून. मालक मेला, गुलामी गेली, आडनाव चिकटून राहिलं. ओडेसा तेवढं आपलं होतं, आईनं ठेवलेलं. तेही आता एका गोऱ्याच्या तिजोरीत! कापसाच्या शेतात गळा तापवला मी, चर्चमध्ये घासला मी. ज्या हॉटेलांत माझं गाणं चालायचं पण झोपायला खोली मिळायची नाही, तिथे गायले मी. आणि आज माझं गाणं माझ्या नावानं गायलं तर मीच चोर!

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती पुन्हा हार्लोत आहे. तू जा. भर सभेत उभी राहा आणि सांग.

लोभ आजपासूनच धर, राग क्रॅब्ट्रीसाठी राखून ठेव.
तुझी खरी ओडेसा


टिलमन्स फोर्ड
२ जून

चि. ओडेसास,
अ. उ. आ.

गेले. दुसऱ्या गाण्याआधी पुढे होऊन ओरडले की ही माझी बहीण नव्हे. अगं, लोकांनी मलाच गप्प बसवलं! एकजण म्हणाला, बाई, ओडेसाला गाऊ दे की. त्याची बायको म्हणाली, सख्खी बहीण असती तर पुढच्या खुर्चीत दिसली असती, खांबाला टेकून कशाला उभी राहील? मग दारावरच्या पैलवानानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. आणि रागावू नकोस, पण मुलगी गाते छान.

पुढचं ऐक. रविवारी सकाळी तीच आपल्या दारात! लुएला तिचं नाव, आर्कान्सॉची आहे. ओडेसा वारली आणि घरच्यांनी नाव चालवायला संमती दिली, असं तिला सांगितलं होतं. माझा आरडाओरडा ऐकून तिला शंका आली, म्हणून घर विचारत आली. आईसमोर ढसाढसा रडली. आईनं तिला तुझ्या खुर्चीत बसवून मासे तळून घातले. मी डोळे वटारले तर मलाच म्हणाली, माझ्या लेकीच्या नावानं आलेलं पोर उपाशी कसं धाडू? लुएला कंपनी सोडून गावी निघून गेली.

मासे संपले. लोभ शिल्लक आहे.
व्हर्लीन


शिकागो
८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या खुर्चीत! नाव नेलं, गाणी नेली, आता आईच्या हातचे मासेही! जाताना माझी उशी दिलीत की नाही तिला?

बरं, ऐक. शुक्रवारी क्रॅब्ट्रीच्या कचेरीतल्या कुणा नव्या माणसाचा फोन आला. त्यांची ओडेसा पळाली. एकवीस तारखेला हार्लोचा हॉल ठरलेला आहे. शिकागोची डेसी रे तिची गाणी हुबेहूब गाते असं त्याच्या कानावर आलंय, तर एका रात्रीपुरती मी ओडेसा होईन का? वर शहाणपण शिकवलं, की तबकड्या नीट ऐकून ये, आणि शेवटचा सूर फार ओढू नकोस, ओडेसा तसा ओढत नाही! मी रिसीव्हर भिंतीवर आपटला. उचलून बघते तर माणूस बोलतोच आहे. मी हो म्हणाले.

पण ओडेसाची बदली म्हणून मी गाणार नाही. मंचावर चढून मी कोण ते सांगणार आणि मगच तोंड उघडणार. फक्त तुला गप्प बसवलं तसं मलाही बसवतील. म्हणून आई हवी. हार्लोतल्या निम्म्या लोकांची नाळ तिनं कापली आहे. आपल्या सुईणीला खोटं म्हणायची तिथे कुणाची छाती नाही. माझ्याशेजारी उभं राहून तिनं एवढंच म्हणावं, की ही माझी.

ती असल्या हॉलची पायरी कधी चढलेली नाही. सैतानाचं गाणं म्हणून माझी एक तबकडीही तिनं ऐकलेली नाही. मी थोडं मागत नाहीये, हे मला कळतं. ती नाही म्हणाली तर मी येणार नाही. डेसी रे म्हणूनच मरेन.

आईला सा. न. आणि लोभाची भीक.
ओडेसा


टिलमन्स फोर्ड
१३ जून

चि. ओडेसास,
अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांना कळलं तर रविवारच्या सेवेतून तिचं नाव काढतील, हेही बजावलं. ती भेंडी चिरत राहिली. सगळी चिरून झाल्यावर म्हणाली, नाव ठेवताना मी कुणाचा कागद बघितला नव्हता, आता का बघू?

येते म्हणाली. अटी आहेत. ती मंचावर असताना हॉलमध्ये बाटली दिसता कामा नये. आणि कितीही जागरण झालं तरी रविवारी तू तिच्याशेजारी चर्चमध्ये बसायचंस, जांभई न देता. मी विचारलं, नुसतं उभं राहणार की गाणंही ऐकणार? तर माझ्यावरच खेकसली, की इतकी वर्षं नाही ऐकलं ते काय कमी झालं? आता तरी ऐकू दे.

लोभाचं आता समोरासमोरच बघू.
तुझी ताई व्हर्लीन