पेढ्यांचे पारडे

सातारा,
ता. १२ डिसेंबर १९७६

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या चरणी आकारामचा शिरसाष्टांग नमस्कार. (समोर मी तुला तू म्हणतो, पण पत्रात वडील माणसांना तुम्ही लिहावे असे शाळेत शिकवले होते, आणि सातवीपर्यंत जेवढे शिकलो तेवढे मी मोडत नाही. लालासाहेब मामांनी हे पत्र तुम्हांला मोठ्याने वाचून दाखवावे व कंसातलेही गाळू नये.)

मी येथे खुशाल आहे. आपली खुशाली मात्र विचारवत नाही. मामांनी कळवले की ताप उतरून आठवडा झाला, सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात आता मागेल ते खाऊ घाला, तरी आपण दोन चमचे पेज घेऊन भिंतीकडे तोंड करता. उभ्या कुंडल गावाला आग्रह करकरून वाढणाऱ्या बाईने ताट परत पाठवावे? मामांच्या लिहिण्यात चूक असेल म्हणून मी ते कार्ड पुन्हा पुन्हा तपासले.

तेव्हापासून मला माझा नवस आठवतो आहे. लहानपणी विषमज्वराने मी केरसुणीएवढा झालो होतो, आणि पोर उठले तर त्याच्या वजनाइतके साताऱ्याचे कंदी पेढे वाटीन असे आपण गावदेवीला बोललात. तेव्हाच फेडला असता तर एका पिशवीत भागले असते. पण एका वर्षी म्हैस आटली, एका वर्षी ऊस लोळला, पुढे तो मोठा दुष्काळ आला. नवस थांबला, आपला हात थांबला नाही. लोण्याचे गोळे, खरवस, शेंगांच्या पोळीवर तुपाची धार, गुऱ्हाळावरची काकवी (ती मी कोपरापर्यंत चाटत असे). मामा माझ्या ताटातल्या प्रत्येक पोळीकडे तोलाऱ्यासारखे बघत.

गेल्या वर्षी मला येथे लाकडाच्या वखारीत कारकुनी लागली, तेव्हा आधी देवीचे देऊन टाकायचे ठरले. आपला खर्च वाचावा म्हणून मी महिनाभर तूप सोडले, पहाटे अजिंक्यतारा चढलो आणि रोज वखारीच्या काट्यावर उभा राहिलो. (हमाल म्हणायचे, वाळलं सरपण आलं.) चांगला उतरलो होतो. पण गावी आल्यावर आपण मला बघून गळा काढलात आणि आठवडाभर डिंकाचे लाडू चारलेत. स्वयंपाकघरातले बोलणे मला सोप्यात ऐकू येत होते.

“अगं, त्यो पोळी खात न्हाई, आपलं पेढं खातोय,” मामा म्हणाले.

“आवं, खाऊ द्या की. देवीला काय हाडं दावायची व्हय?”

नवसाच्या दिवशी मामांनी मला पाणीसुद्धा पिऊ दिले नाही, आणि आपण देवळाच्या वाटेवर पदराखालून आणखी दोन लाडू दिलेत. चिंचेला गुळाच्या ढेपा तोलायचा काटा टांगला होता. एका पारड्यात मी, दुसऱ्यात पेढे. पेढे संपले तरी माझे पारडे जमीन सोडेना. मामा वर गुळाची ढेप ठेवायला निघाले तर आपण त्यांना अडवलेत. “देवी काय गुऱ्हाळावरचा गडी हाय?” मग माझे पायताण उतरले, पट्टा उतरला, सदरा उतरला. विजारीच्या नाडीला मामांनी हात घातला तेव्हा मी देवीचा मनापासून धावा केला आणि पारडे उचलले. (देवीने लाज राखली. मामा म्हणतात, वारा आला.) सगळे गाव हसत होते. आपण तेवढ्या डोळ्यांना पदर लावून म्हणत होता, “येवढंसं हुतं माझं पोर.”

आपल्या गावचा बाळासो एस. टी.त कंडक्टर आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवला आहे. डिंकाचे लाडू मी स्वतः केले, आपल्या रीतीने, तुपाला हात न आखडता. ते वळले गेले नाहीत. चमच्याने खावेत.

जास्त काय लिहू? जेवा.

आपला आज्ञाधारक भाचा,
आकाराम

ता. क. मामांनी लाडवांची चव बघू नये. त्यांच्या वजनाचा नवस कोणी बोललेला नाही.

दुसरा ता. क. तुमच्या वजनाचा बोलला आहे. कार्ड आले त्या दिवशी मी येथूनच गावदेवीला हात जोडले, की आत्या चालत घरी आली तर तिच्या वजनाइतके कंदी पेढे वाटीन. पेढेवाल्याला सांगून ठेवले. किती लागतील, असे त्याने विचारले, ते मला सांगता आले नाही. मामा लिहितात, आपण केरसुणीएवढ्या झाला आहात. तशाच आलात तर मी एका पिशवीत सुटेन, आणि गाव म्हणेल भाचा चिकट निघाला.

आत्या, मला स्वस्तात सोडू नकोस.