तक्रार लेखी द्यावी

१ डिसेंबर १९४३, ढोकी.
बार्शीहून छोट्या गाडीनं आलो. नाक्यावर निजामाच्या शिपायानं ट्रंक उलटीपालटी केली. परमुलूख तो हाच. इथल्या जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर म्हणून आज रुजू. सोलापूरला माझं स्टाफशी पटलं नाही, हे मालकांच्या कानावर गेलंय. म्हणून निश्चय : या खेपेला कुणी काही बोललं तरी हसतमुखानं ऐकायचं.

३ डिसेंबर.
सगळ्यांना जमवलं. माझं काय चुकतं ते बेधडक सांगा म्हणालो. पाच मिनिटं थांबलो. कुणी बोललं नाही. म्हणजे दोन दिवसांत एकही चूक नाही. मालकांना तसं कळवलं.

६ डिसेंबर.
मुकादम सिद्रामप्पा एकट्यात म्हणाला, वयानं मोठ्या बायांना तुम्ही 'ए, अगं' करता, ते त्यांना लागतं. मी हसलो, आभारही मानले. दुपारी त्याची ड्यूटी बाहेर उन्हात, कापसाच्या गाड्यांवर लावली. त्याच्या बोलण्याशी याचा संबंध नाही. त्याला मोकळी हवा मिळावी एवढाच हेतू.

९ डिसेंबर.
फिटर ईरण्णा आला. "साहेब, तीन नंबरच्या मशिनीच्या पट्ट्याला जाळी न्हाय. कवातरी एखाद्या बाईचा पदर जाईल." सूर आवडला नाही. माझं कामाकडं लक्ष नाही, असंच त्याला म्हणायचं असणार. तरी शांत राहिलो. दोन पेले पाणी प्यालो. तक्रार लेखी द्या म्हणालो.

१० डिसेंबर.
लेखी दिली. पण उर्दूत. इथल्या शाळेत तेच शिकवतात म्हणे. मला वाचता येत नाही, मराठीत आणा म्हणून परत केली. डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, वाद घातला नाही. माझा वचक बसतोय.

१३ डिसेंबर.
कागद आला नाही. तक्रार तितकी गंभीर नसावी.

१५ डिसेंबर.
सकाळी साडेदहाला तीन नंबरवर कापूस घालताना शांतम्माचा पदर पट्ट्यात गेला. ईरण्णानं धावत जाऊन इंजिन बंद केलं, तोवर उजवा हात ओढला गेला होता. बैलगाडीतून डॉक्टरकडं नेलं. हात राहील, बोटं हलणार नाहीत म्हणाला.
मी ऑफिसात बसून राहिलो. लोक अंगावर येतील, तरी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. कुणीच आलं नाही.

१६ डिसेंबर.
मालकांना रिपोर्ट लिहायला घेतला. 'बाईचा पदर सैल होता.' हे खोटं नाही. पुढं सुचेना.
मीटिंग घेतली. बोला म्हणालो. सगळे जमिनीकडं बघत उभे. सिद्रामप्पासुद्धा.

१८ डिसेंबर.
शांतम्माच्या घरी गेलो. सून गिरिजा तिला भाकरीचा तुकडा भरवत होती. शांतम्मानं उठायची धडपड केली. "बसा, साहेब. तुमी कशाला आलाव? चूक माझीच. पदर लांब व्हता."
रिपोर्ट मी अजून कुणाला दाखवलेला नाही.
शांतम्माबाई, खरं ते सांगा, मी ऐकून घेईन, असं म्हणालो. ती सुनेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगितलं तर माझ्या जागी हिला ठिवाल का?"
ठेवीन म्हणालो. तिनं सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.
बाहेर ईरण्णा उभा होता. जाळी बसवायला किती वेळ लागतो, असं त्याला विचारलं.
"अर्धा दिवस, साहेब," तो म्हणाला.